वहाळाचे पुस्तक कोण लिहिणार?

मराठी साहित्यात कोकणाचे वर्णन भरभरून झाले आहे. कादंबऱ्यांत, कवितांत, प्रवासवर्णनांत आणि दिवाळी अंकांच्या पानापानांवर माड-पोफळी, खाडी, लाल माती आणि पहिला पाऊस वारंवार भेटतात. तरीही आपल्या घरामागच्या डोंगरातून उतरणारा वहाळ, म्हणजे ओढा, नेमका कुठून येतो, तो पौषात आटतो की शिमग्यापर्यंत वाहतो, पहिल्या पावसात त्यात कोणते मासे चढतात आणि त्याच्या काठावरची कोणती झाडे तोडली की त्याचे पाणी लवकर तुटते, हे एखाद्याला वाचून समजून घ्यायचे असेल तर त्याच्या हाती देण्यासारखे मराठी पुस्तक सहसा मिळत नाही. कथेतल्या माणसांच्या मागे कोकणातला निसर्ग सतत उभा असतो, पण त्याच्याच विषयी लिहिलेली पुस्तके बोटांवर मोजण्याइतकी आहेत. ही उणीव साहित्याच्या अभ्यासकांनी आपापसांत चर्चा करावी एवढ्यापुरती राहिलेली नाही. ती सार्वजनिक प्रश्न झाली आहे. तिची भरपाई सार्वजनिक पैशाने, गावच्या वाचनालयांतून आणि ग्रामपंचायतींच्या पुढाकाराने व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

मराठीला निसर्गलेखनाची परंपरा नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले आणि बारा महिन्यांच्या झाडाफुलांकडे एकाग्रतेने पाहण्याची दृष्टी त्याने वाचकांना दिली. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरीचा मोठा काळ अरण्यात काढला आणि आदिवासींकडून, वनमजुरांकडून व जुन्या संस्कृत ग्रंथांतून मिळालेले ज्ञान मराठीत आणले. २००६ साली सोलापूर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा अरण्यावरचे लेखन हेही साहित्यच आहे ही गोष्ट सर्वमान्य झाली. परंतु या परंपरेतले अरण्य प्रामुख्याने विदर्भातले आहे. त्यात नवेगाव, नागझिरा आणि मेळघाट येतात, साग आणि बांबू येतात, तळ्यांवर उतरणारे पक्षी आणि वाघ येतात. याला कारणही आहे. तिकडे सलग सरकारी जंगल आहे, तिथे राहण्याची सोय आहे आणि नोकरीच्या निमित्ताने वर्षानुवर्षे तिथे राहिलेली माणसे आहेत. कोकणात, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यात, सरकारी जंगल अगदीच थोडे आहे. इथले रान लोकांच्या सातबाऱ्यांवर, देवस्थानांच्या राईंत आणि सामाईक डोंगरांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले आहे. बाहेरून आलेल्या लेखकाला ते अरण्य वाटत नाही. गावच्या माणसाचा तर त्याच्याशी रोजचा संबंध असतो, तो तिथून लाकूडफाटा आणतो, करवंदे काढतो, पावसाळ्याच्या तोंडाला शेवळे आणि पुढे अळंबी शोधतो, आणि ज्या गोष्टीत आपण रोज वावरतो तिच्यावर पुस्तक होऊ शकते हे त्याच्या मनात येत नाही.

या उणिवेचा परिणाम काय होतो हे सड्याच्या बाबतीत सर्वांत स्पष्टपणे दिसते. रत्नागिरी, राजापूर, देवगड आणि मालवण या पट्ट्यात जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे आहेत. उन्हाळ्यात तिथे काळवंडलेला कातळ आणि करपलेले गवत यांखेरीज काही दिसत नाही. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुधा पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, अशी असते आणि बोलताना तिला सरसकट पडीक म्हटले जाते. मृगाच्या सरी पडल्यावर मात्र थोड्याच दिवसांत याच कातळाच्या भेगांतून दीपकाडीची पांढरी फुले वर येतात. या वनस्पतीच्या शास्त्रीय नावातच कोकणाचे नाव आहे आणि पश्चिम किनाऱ्यालगतच्या पट्ट्याबाहेर ती सहसा आढळत नाही. पुढे श्रावण-भाद्रपदापर्यंत गेंद, कवळा, तेरडा आणि सीतेची आसवे यांचे ताटवे एकामागून एक फुलतात. कातळावरची माती बोटभर जाडीची असते आणि तिच्यात नत्र फार कमी असते, म्हणून सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पती बारीक जीव पकडून आपली गरज भागवतात. खळग्यांत साचलेल्या पाण्यात बेडूक अंडी घालतात, पावसाळाभर गुरे तिथे चरतात, आणि भेगांतून मुरलेले पाणी सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. खालच्या वाडीची विहीर त्याच पाण्यावर टिकते आणि जिथे अजून वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरचा, भात होतो तिथे तोही त्याच पाण्यावर होतो.

वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे सारे ठाऊक असते. सरपंचाला, ग्रामसेवकाला, जमीनमालकाला किंवा गावातल्या शिक्षकाला ते आपल्या भाषेत, आपल्या गावाच्या संदर्भात आणि एका ठिकाणी वाचायला मिळत नाही. त्यामुळे खाणीचा, एखाद्या प्रकल्पाचा किंवा बागायतीसाठी कातळ फोडण्याचा विषय निघतो तेव्हा ‘तिथे आहे काय, नुसता कातळ’ या वाक्यानेच चर्चेची सुरुवात होते, आणि पुष्कळदा तिथेच ती संपते. हापूसच्या कलमांनी याच कातळावर हजारो कुटुंबांचे संसार उभे केले आहेत आणि त्या कष्टांविषयी मला पूर्ण आदर आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की कातळ फोडायचा की राखायचा हा निर्णय ज्यांना घ्यायचा आहे त्यांच्यापुढे, कातळ फोडल्याने काय नष्ट होणार आहे याची लिखित आणि वाचनीय नोंद असली पाहिजे. आज ती नसते.

लिहिण्याने फरक पडतो याचा पुरावा त्याच सड्यांवर आहे. रत्नागिरीतील काही अभ्यासकांनी वर्षानुवर्षे गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारत कातळशिल्पे शोधली, त्यांची मापे घेतली, त्यांविषयी मराठीत लिहिले आणि गावोगाव व्याख्याने दिली. २०२२ साली उक्षी, जांभरुण, कशेळी, देवीहसोळ, बारसू, कुडोपी अशा ठिकाणांची कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. ज्या चित्रांवरून पिढ्यान्‌पिढ्या गुरे गेली, त्यांच्याभोवती आता गावकरी स्वतः दगड रचून कुंपण घालतात आणि आलेल्या पाहुण्याला ती अभिमानाने दाखवतात. त्या चित्रांच्या चारी बाजूंना दर पावसाळ्यात उमलणाऱ्या वनस्पतींच्या वाट्याला असे लेखन आलेले नाही, म्हणून एकाच सड्यावरचा दगडात कोरलेला हत्ती वारसा ठरतो आणि त्याच्या पायाशी उगवणारी दीपकाडी गवत ठरते.

कोकणाच्या वनस्पतींवर लेखनच झाले नाही असा याचा अर्थ नाही. नेर्न यांचे पश्चिम भारतातील फुलझाडांवरचे पुस्तक १८९४ साली आले. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा बृहद्ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केला. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने १९८८ साली सिंधुदुर्गाच्या वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ काढला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी सावंतवाडी परिसरावरचा ग्रंथ आला. हे काम मोठ्या कष्टाचे आहे आणि त्यावाचून पुढचे काहीही लिहिता येणार नाही. पण हे सर्व ग्रंथ इंग्रजीत आहेत, ते तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी लिहिले आहेत आणि ज्या गावांतून ते नमुने गोळा झाले त्या गावांच्या वाचनालयांत ते बहुधा नाहीत.

या संदर्भात सतराव्या शतकातला एक ग्रंथ मला फार महत्त्वाचा वाटतो. मलबारातील डच सत्तेचा प्रमुख अधिकारी हेन्ड्रिक फान ऱ्हेडे याने तिथल्या वनस्पतींवर ‘होर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला आणि त्यात सुमारे ७४० वनस्पतींची चित्रे व वर्णने आहेत. त्यातली माहिती इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याने आपल्या घराण्यातील जुन्या पोथ्यांच्या आधारे दिली. त्याच्या जोडीला रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट हे तीन वैद्य होते. ते कोचीत स्थायिक झालेल्या कोकणी भाषक समाजातले होते, आणि पोर्तुगीज राजवटीत गोवा सोडून हा समाज तिकडे गेला होता. या तिघांनी १६७५ साली लिहून दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेले आहे. पुढे शास्त्रीय नामकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने भारतीय वनस्पतींना नावे देताना या ग्रंथाचा आधार घेतला. ज्यांच्या अंगणातली ही विद्या होती त्यांच्या भाषेत मात्र तो ग्रंथ यायला तीन शतकांहून अधिक काळ लागला. वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातली अनेक वर्षे खर्चून केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर केरळ विद्यापीठाने २००३ साली प्रसिद्ध केले आणि मल्याळम आवृत्ती २००८ साली आली. केरळातल्या एका विद्यापीठाने ते ऋण फेडले हे त्यांचे भाग्य. आपल्याकडे माहिती गावातून निघून ग्रंथात, प्रबंधात किंवा अहवालात जाण्याचा ओघ आजही चालू आहे. ती परत गावात पोहोचवण्याची जबाबदारी मात्र कोणाकडेच सोपवलेली नाही.

पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समितीच्या अहवालाचे जे झाले ते याच दोषाचे दुसरे रूप होते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने ३१ ऑगस्ट २०११ रोजी आपला इंग्रजी अहवाल केंद्र सरकारला सादर केला. निर्णयाचा अधिकार ग्रामसभांपर्यंत जावा असे त्यात आग्रहाने म्हटले होते. माहिती अधिकाराची लढाई होऊन तो लोकांसमोर येण्यास २०१२ चा मे महिना उजाडला. तोवर कोकणात आणि घाटमाथ्यावर त्याविषयीची मते ऐकीव गोष्टींवरून पक्की झाली होती. अहवालाला विरोध करण्याचा गावाला पूर्ण हक्क होता, पण वाचून विरोध करण्याची संधी गावाला मिळाली नाही.

याबाबत कायद्याने एक वाट आधीच आखून दिलेली आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांच्या मदतीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी अशी तरतूद आहे. गावातली झाडे, औषधी वनस्पती, मासे, पक्षी, भाताच्या जुन्या जाती, पाणवठे, देवराया आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान या साऱ्याची नोंद तीत व्हायची आहे. मूळ कल्पना अत्यंत सुंदर आहे. पुष्कळ वर्षे तिच्याकडे दुर्लक्ष झाले, मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि देशभर नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या. मुदत गाठण्यासाठी भरलेल्या तक्त्यांत गावाचा जीव उतरत नाही. काही गावांनी मनापासून काम केले आहे, परंतु त्यांच्याही नोंदवह्या ग्रामपंचायतीच्या कपाटात राहतात आणि शाळेतल्या मुलाला त्या पाहायला मिळत नाहीत.

माझी सूचना अशी की या नोंदवह्यांचा कच्चा माल म्हणून उपयोग करून प्रत्येक तालुक्याचे एक निसर्गपुस्तक लिहवून घ्यावे. रत्नागिरी जिल्ह्यात ९ आणि सिंधुदुर्गात ८ तालुके आहेत, म्हणजे सुरुवातीला सतरा पुस्तके. शास्त्रीय तपासणीसाठी दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आहे, तिथे वनशास्त्राचे महाविद्यालय आहे आणि दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे व प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आहेत. स्थानिक पातळीवरचे पुस्तक सरकारला काढता येत नाही असेही नाही, कारण बालभारतीने इयत्ता तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तके जिल्हावार काढलेली आहेत. वितरणासाठी १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे जाळे तयार आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे आणि चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. ज्या भागात वाचनालयांची परंपरा इतकी जुनी आहे तिथे आपल्या नद्या-डोंगरांची पुस्तके नसावीत, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. ‘ड’ वर्गाच्या लहान वाचनालयाला अनुदान तुटपुंजे मिळते आणि त्यातून मागणी असलेल्या कथा-कादंबऱ्या घेतल्या जातात, त्यात त्या ग्रंथपालाचा काही दोष नाही. स्थानिक निसर्गपुस्तकांच्या खरेदीसाठी अनुदानाचा छोटासा वेगळा भाग राखून ठेवला तरच ती त्या कपाटात पोहोचतील.

ही पुस्तके समितीने लिहू नयेत, हे मात्र आग्रहाने सांगितले पाहिजे. समितीने लिहिलेले पुस्तक यादी होते. प्रत्येक पुस्तकाला एक लेखक असावा, त्याला किमान दोन पावसाळे हिंडायला मिळावेत आणि त्याला योग्य मानधन मिळावे. एका वहाळावर किती लिहिता येईल याची कल्पना नुसत्या चढणीच्या माशांवरून येते. पहिल्या जोरदार पावसानंतर नदीतले मासे अंडी घालण्यासाठी वहाळांतून आणि पाणी भरलेल्या भातखाचरांतून वर चढतात. रायगडाकडे त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. ती रात्र गावाला ठाऊक असते आणि लोक जाळी, टोपल्या, बत्त्या घेऊन बाहेर पडतात. पूर्वी वाटा पुष्कळ होत्या, त्यामुळे पकडूनही पुष्कळ मासे वर पोहोचत. आता वहाळांवर पक्के सिमेंटचे बांध झाले आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी अडकलेले, अंड्यांनी भरलेले मासे अक्षरशः टोपलीने उचलले जातात. पावसाळ्यानंतर मातीच्या पिशव्यांनी घातलेला आणि पुढच्या पुरात वाहून जाणारा बंधारा माशांची वाट अडवत नाही, कायमचा बांध अडवतो. त्यात कोंडींमध्ये, म्हणजे खोल डोहांत, विषारी पावडर टाकून मासे मारण्याची भर पडली आहे. बांध कुठे, किती उंच आणि कोणत्या प्रकारचा घालावा हा निर्णय ग्रामपंचायत घेते, आणि त्यासाठी मासा कधी व कुठून चढतो हे तिला कोणीतरी नीट सांगायला हवे. ही माहिती कातकऱ्याला आहे, गुराख्याला आहे, भातशेती करणाऱ्या बाईला आहे, आणि त्या पिढीबरोबर ती संपत चालली आहे.

नद्यांचेही तसेच आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, आणि २००५ प्रमाणेच तेव्हाही वाचन मंदिरात पाणी शिरून ग्रंथांची फार मोठी हानी झाली. त्यानंतर चिपळूणकरांनी नदीतला गाळ काढावा म्हणून आंदोलन केले आणि सामान्य नागरिकांना आपल्या नदीचा अभ्यास आंदोलनाच्या धावपळीत करावा लागला. पाणी पूर्वी कुठवर येत असे, बेटे कधी वाढली, डोंगरउतारावरची कोणती राने तुटली, कोयना प्रकल्पात वीज तयार करून सोडलेले अवजल नदीत येऊ लागल्यापासून काय बदलले, या प्रश्नांची उत्तरे शोधताना एखादे नदीचरित्र हाताशी असते तर त्यांचे काम किती सोपे झाले असते.

या सूचनेवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो मी हलका मानत नाही. दुर्मीळ वनस्पती किंवा प्राणी कुठे आहेत हे छापले की चोर तिथे आधी पोहोचतात. खवले मांजराची तस्करी आणि औषधी वनस्पतींची ओरबाड पाहिलेल्या माणसाला ही भीती वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून नेमके ठिकाण छापू नये, ते ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत राहावे. पण यापुढे जाऊन काहीच सांगू नये असे म्हणणे मला पटत नाही, कारण अज्ञानाने झालेले नुकसान चोरीने झालेल्या नुकसानापेक्षा कितीतरी मोठे आहे. मंडणगड तालुक्यातील वेळासला समुद्री कासवांची अंडी पूर्वी पळवली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षण सुरू केले, कासवाचे जीवन त्यांना समजावून दिले, आणि आज तेच गावकरी घरट्यांची राखण करतात. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे पाणथळीत उभे असलेले रानजायफळांचे दुर्मीळ वन गावाने देवराई म्हणून राखले होते. जेमतेम २.५९ हेक्टरांचे हे वन आता जैवविविधता वारसास्थळ आहे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या कुंडात सापडलेल्या एका छोट्या माशाचे शास्त्रीय नामकरण २०२० साली झाले आणि २०२१ साली तिथल्या २.११ हेक्टर जागेला तोच दर्जा मिळाला. तिन्ही ठिकाणी माहिती लोकांपर्यंत पोहोचल्याने संरक्षण बळकट झाले आहे.

सगळे मोबाइलवर मिळते, पुस्तक कशाला, असेही विचारले जाते. मोबाइलवर पक्ष्याचा फोटो मिळतो आणि नाव मिळते. आपल्या गावच्या काजऱ्याची फळे खायला धनेश कोणत्या महिन्यात येतात आणि ज्या जुन्या झाडाच्या ढोलीत मादी स्वतःला लिंपून घेऊन अंडी उबवते ते झाड कोणाच्या परड्यात आहे, हे तिथे मिळत नाही. त्या झाडाचा व्यवहार व्यापाऱ्याशी होण्यापूर्वी मालकाला ते माहीत असणे आवश्यक आहे, आणि माहीत असलेला प्रत्येक मालक झाड विकेलच असे नाही.

राहिला प्रश्न श्रेयाचा. ज्या धनगराने, कातकऱ्याने, वैदूने किंवा आजीने माहिती दिली त्यांची नावे, त्यांची संमती असेल तर, पुस्तकाच्या पहिल्या पानांत लेखकाच्या नावासोबत छापली जावीत. रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट यांना परक्या राजवटीच्या लॅटिन ग्रंथाने हा मान दिला होता, स्वतंत्र देशाच्या मराठी पुस्तकाने तो नाकारण्याचे कारण नाही. औषधी ज्ञानाच्या बाबतीत तर जैविक विविधता कायदा व्यावसायिक लाभातला वाटा स्थानिकांना मिळावा असे सांगतो, तेव्हा कोणते ज्ञान छापायचे आणि कोणते गावापुरते ठेवायचे हे ग्रामसभेने ठरवावे आणि लेखकाने ते मान्य करावे. पुस्तकाची किंमत इतकी असावी की दहावीतला विद्यार्थी ते विकत घेऊ शकेल. आणि दर दहा वर्षांनी त्याची सुधारित आवृत्ती काढण्याची तरतूद सुरुवातीच्या ठरावातच असावी, कारण वहाळ, सडा आणि राई दहा वर्षांत बदलतात आणि तो बदल नोंदवणे हेही त्या पुस्तकाचेच काम आहे.